बुडालेल्यांचा कप्पा

१० मे, गुरुवार

पोचलो एकदाचा! लाँच इतकी हलत होती की सकाळी खाल्लेला पाव परत तोंडात यायला बघत होता. शेजारच्या बाईच्या मांडीवर कोंबडी होती, ती माझ्यापेक्षा शांत बसली होती. बाई म्हणाली, उत्तरेकडचा ना रे तू? चेहरा बघून कळतंय, आंघोळीच्या बादलीपलीकडे पाणी पाहिलेलं नाहीस. खरंय तिचं. मी कालामाचा, वाळवंटातला. पण पुल्केन बेट धुक्यातून वर आलं तेव्हा सगळ्यात आधी मीच ओरडलो, जणू मीच ते शोधून काढलं.

काम रेडिओवर आहे. शाळेच्या मागे लाकडी खोली, वर एरियल, आत बेलार्मिनोकाका. काका हे स्टेशन एकटेच चालवतात. आजूबाजूच्या छोट्या बेटांवर फोन लागत नाही, म्हणून दुपारी बाराला रेडिओवरून निरोप जातात. अमक्याची आई तालुक्याच्या दवाखान्यात आहे, तमक्याने लाँचवर दोन पोती बटाटे पाठवलेत, उतरवून घ्या. त्यांचा कॉम्प्युटर शाळेने टाकून दिलेला. त्यावर लिनक्स, कारण त्याला पैसे पडत नाहीत. माईकवर बोललेलं आधी डिस्कवर उतरतं आणि मग हवेत जातं. डिस्क भरली की वाक्य मधेच तुटतं. गेल्या आठवड्यात काका म्हणाले, फारिआसांची गाय, आणि आवाज गेला. दिवसभर अख्खं बेट फारिआसांच्या दारात. गाय मेली की व्याली, कुणाला कळेना. व्याली होती.

म्हणून मला बोलावलं. मला किती येतं? कालामाच्या सायबर कॅफेत मशिनी पुसायचो. थोडं येतं, बाकीचं करता करता येतं. शाळेतही माझं असंच चालायचं, म्हणून तर शाळेने मला सोडलं. की मी शाळेला, आता आठवत नाही.

वही आणली होती, पण इथल्या दमट हवेत पानं पानांना चिकटतात. म्हणून हे रेडिओच्याच कॉम्प्युटरवर लिहितोय. काका म्हणाले, लिही बाबा, पण जागा नाही. म्हटलं, काका, जागा करायलाच तर आलोय.

१२ मे, शनिवार

राहायला ओर्फेलिनामावशीकडे. घर समुद्राकडे तोंड करून, भिंतींवर माशाच्या खवल्यांसारख्या बसवलेल्या लाकडी चिपा. माझी खोली म्हणजे स्वयंपाकघराला फळ्यांचं पार्टिशन घालून केलेली, त्यामुळे चुलीची ऊब येते. पलंग रुंद आहे. मावशी पाच फुटांची, हात कायम विणकामात, तोंड कायम चालू. पहिल्याच दिवशी म्हणाली, एवढी हाडं घेऊन आलास, वाऱ्याने उडशील, खिशात दगड ठेव. आणि ताटात बटाट्याची एवढी मोठी भाकरी.

खोली तिच्या मुलाची होती. एलिसेओ. शिंपले काढायला गेलेली होडी परत आली नाही, त्याला बरीच वर्षं झाली. मला वाटलं, सांगताना रडेल. ती मोजे विणत राहिली.

आज डिस्क बघितली. तीन कप्पे आहेत. एका छोट्यात लिनक्स स्वतः. दुसऱ्यात रोजचे निरोप (आणि ही माझी रोजनिशी), तो गच्च भरलेला. तिसरा सगळ्यात मोठा, निम्मा रिकामा वाटतो, पण त्याला काका कुणाला हात लावू देत नाहीत. विचारलं, यात काय? म्हणाले, सोमवारी ऐक.

१४ मे, सोमवार

ऐकलं.

इथली रीत अशी. निरोप गेला की ज्याला गेला त्याने उलट कळवायचं, पोचला. तोवर तो रोज वाजतो. पोचला आला की पुसायचा. पण समुद्रात गेलेल्यांकडून पोचला कधी येत नाही, म्हणून त्यांचे निरोप पुसता येत नाहीत. ते तिसऱ्या कप्प्यात राहतात आणि सोमवारी लागतात, कारण सोमवार मेलेल्यांचा. प्रत्येक घरचं माणूस स्वतःच्या आवाजात बोलतं. काही घडलं की येऊन नवा निरोप भरून जातात. अख्खं बेट काम थांबवून ऐकतं. दुकानात सुरी हातात घेऊन दुकानदार उभा.

मावशीचा असा होता. एलिसेओ बाळा, मेंढी व्याली, दोन झाली. तुझा पलंग झाडून ठेवलाय, नवी लोकरी चादर आहे. रस्सा चुलीवर आहे. दाराला कडी नाही.

त्याच पलंगावर मी झोपतो, म्हणून मला जरा हसूच आलं. मग शेवटचं वाक्य आलं. तुझी आठवण आहे, पण आता तू तिकडेच राहा.

हे वाक्य दुसऱ्याच बाईचं वाटलं. आवाज तरुण, बसलेला, रागावलेला. प्रत्येकाचा निरोप याच वाक्याने संपत होता, आणि प्रत्येकाचा तेवढाच आवाज वेगळा, जुना.

काकांनी समजावलं. ते वाक्य एकदाच बोलतात, माणूस गेल्यावर नऊ दिवस प्रार्थना चालते तिच्या शेवटच्या दिवशी. एकदा बोलून घेतलं की आईकडून ते पुन्हा म्हणून घ्यायचं नाही, ते पाप. म्हणून सगळी शेवटची वाक्यं वेगळी ठेवलीत, आणि यंत्र दर सोमवारी निरोपाच्या शेपटीला जोडतं. विचारलं, आणि नाही जोडलं तर? काका म्हणाले, पोरा, तू कुणाला सांगितलंस की जेवण गरम आहे, अंथरूण घातलंय, दार उघडं आहे, आणि गप्प बसलास, तर तो काय समजेल?

१७ मे, गुरुवार

काका तयार झाले. तिसरा कप्पा लहान करायचा आणि सुटलेली जागा दुसऱ्याला द्यायची. त्यांनी बजावलं की आधी सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवून घे. ती डिस्क शाळेच्या मास्तरांकडे, मास्तर परगावी, शनिवारच्या लाँचने येणार.

काकांना समजेल असं सांगितलं. मावशीच्या घरातल्या फळ्यांच्या भिंतीसारखं आहे. खोली लहान करायची तर आधी कपाट, पलंग अलीकडे ओढायचे, मग भिंत सरकवायची. आधी भिंत सरकवली तर पलीकडे राहिलेलं कापलं जातं. काका म्हणाले, एवढं कळतं म्हणजे तू अगदीच गाढव नाहीस.

लाल शेपटीचा एक पक्षी रोज खिडकीशी येतो. त्याचं नाव विचारायचं राहून जातंय.

१९ मे, शनिवार

झालं! जागाच जागा!

सकाळी काम काढून बसलो होतो, लाँच यायची होती. तेवढ्यात फारिआसांच्या पोरी आल्या. आमच्याकडे डुक्कर कापलंय, मोठी कढई चढवलीय, येतोस की त्या डबड्याशी लग्न लावतोस? बाहेर तळलेल्या चरबीचा असा वास. म्हटलं, बाहेरची डिस्क कशाला, एवढंसं काम, उरकतो आणि जातो. तिसरा कप्पा यंत्रातून सोडवला, सीमा अलीकडे ओढली, दुसरा कप्पा वाढवला, आणि पळालो. इथे डुक्कर कापलं की प्रत्येक घराला वाटा जातो. मावशीचा वाटा मीच घेऊन आलो. सफरचंदाची दारू फार चढते.

संध्याकाळी परत बसलो तर तिसरा कप्पा उघडेना. तेव्हा लक्षात आलं की भिंत आधी सरकवली, कपाट नंतर. माझ्याच उपमेतला गाढव मीच. दुरुस्तीची आज्ञा दिली. बराच वेळ खडखडत बसलं आणि उघडलं. निरोप दिसले, वाजले. काही तुटके तुकडे त्याने हरवले-सापडले नावाच्या फोल्डरमध्ये टाकले. लिनक्स तसं करतंच, ज्यांचं नाव सापडत नाही ते तिथे. काकांना म्हटलं, सगळं छान. त्यांनी मला स्वतःचा मोठा कप भरून कॉफी दिली.

२१ मे, सोमवार

बारा वाजता पहिला निरोप संपला आणि पुढे काहीच आलं नाही. लगेच दुसरा सुरू. तोही तसाच. मावशीचा लागला. दाराला कडी नाही. मग तिसऱ्याच घरचा आवाज.

काका माझ्याकडे वळलेसुद्धा नाहीत. ते बंद करायच्या बटणावर हात ठेवून बसले होते, पण दाबलं नाही. सगळे निरोप हवेत गेले. शेवटचं वाक्य एकालाही नाही. आत या म्हणणं तेवढं पोचवलं आम्ही.

ती वाक्यं कप्प्याच्या शेवटी होती. मी कापली. आणि शनिवारपासूनचे नवे रोजचे निरोप नेमके त्याच जागेवर लिहिले गेलेत. बटाट्याच्या पोत्यांखाली. परत येणार नाहीत, मी दिवसभर प्रयत्न केला.

खिडकीतून बघितलं तर रस्त्यावर माणसं उभी होती. रागावलेली नव्हती. सगळे पाण्याकडे बघत होते.

२२ मे, मंगळवार

काकांनी एकेका घरी जाऊन हात जोडले. या, ते वाक्य पुन्हा बोला, पाप माझ्या डोक्यावर. कुणी आलं नाही. बिचारे स्वतःचंही बोलू शकले नाहीत. त्यांचा धाकटा भाऊ ओनोरियो पाण्यात आहे. माईकसमोर बसले, तुझी आठवण आहे म्हणाले, आणि त्यापुढे तोंड उघडेना. मला म्हणाले, तेव्हा बोलू शकलो कारण त्याचा राग आला होता. नको म्हणत असताना गेला म्हणून. आता राग कुठून आणू? आता नुसता तो हवा आहे.

मी मावशीला माझी चूक सांगितली. वाटलं, घराबाहेर काढेल. ती म्हणाली, जेव आधी. मग माझ्या पलंगावर दुसरी उशी आणून ठेवली. भिंतीकडे सरक म्हणाली, बाहेरची बाजू मोकळी ठेव. त्याला भिंतीकडे गुदमरतं.

२४ मे, गुरुवार

तिसरा कप्पा वाढतोय.

सीमा मीच आखली होती, कुठे आखली ते मला माहीत आहे. आज ती दुसऱ्या कप्प्यात सरकलेली दिसली. मी केलेली जागा खाल्ली जातेय. कुणी काही भरत नाही. काकांना विचारलं, ते म्हणाले, मी तर माईक काढून कपाटात ठेवलाय.

हरवले-सापडले उघडलं. शनिवारी मोजकेच तुकडे होते, आता यादी खाली सरकवत राहावं लागतं. नावं नाहीत, नुसते आकडे. एक लावला. पाणी. लाकडावर पाणी आपटतंय. दुसरा, तेच. तिसऱ्यात वल्ही. चौथ्यात, अगदी कानाशी, ओल्या गळ्याचा आवाज, एकच शब्द.

पोचला.

२५ मे, शुक्रवार

ते तुकडे पुसले. जागा परत आली नाही. असं होतं लिनक्सवर, पुसलेली फाईल कुणीतरी उघडी धरून ठेवली असेल तर ती दिसत नाही, पण जागा सोडत नाही. कोण धरून बसलंय ते विचारता येतं. विचारलं. ओळी आल्या, कितीतरी. नावाच्या जागी सगळीकडे कोरं.

कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावला. धरलेलं सुटायला हवं. सुटलं नाही. वाढलं.

लाँच बंद आहे. वारा. बंदर उघडेपर्यंत कुणी जायचं नाही, कुणी यायचं नाही, असा हुकूम आहे. फारिआसांच्या थोरलीला म्हटलं, कुणी यायचं नाही हे पाण्याला कोण सांगणार? ती हसली नाही. तिच्या घरी टेबलावर समुद्रात गेलेल्या बापाचं ताट मांडलेलं होतं. भर दुपारी, वाफ येत होती.

२७ मे, रविवार

दुपारी जेवून पडलो होतो. जाग आली तर पलंगाची बाहेरची बाजू ओली. खोल गेलेली. चादरीला समुद्राचं बारीक हिरवं गवत.

मावशीने ती चादर चुलीपाशी वाळत घातली, आणि गुणगुणत होती. आल्यापासून पहिल्यांदा तिला गुणगुणताना ऐकलं. मीच आणलंय हे. तिच्यासाठी ते सुख आहे, आणि मी भिंतीकडे.

भिंतीवर मिठाची रेघ आलीय. पलंगाच्या पायाशी.

२८ मे, सोमवार

काका आज लावणार नव्हते. बाराच्या आधी सगळे आले. ओरडले नाहीत, विनवत होते. असंच लावा बेलार्मिनो, शेवटाशिवाय. एकदाच. एक म्हातारी, जिचे तिघे मुलगे समुद्रात गेले, काकांच्या पाया पडली. काका म्हणाले, अगं, येतील ते काय होऊन येतील? ती म्हणाली, माझे होऊन.

लावलं. काकांनी स्वतः. ओनोरियोचा निरोप आला तेव्हा डोळे मिटून ऐकला.

२९ मे, मंगळवार

जागा फार कमी उरलीय. थोडक्यात लिहितो.

नवे तुकडे आले. आता वल्ही नाहीत. खडे वाजतात, माणसं चालल्यासारखे. आवाज वेगवेगळे. निघालो. निघालो. निघालो.

३० मे, बुधवार

रेघ उशीच्या उंचीला.

झोपायला रेडिओत आलो. खुर्चीत. सकाळी खुर्चीची एक बाजू ओली.

काका घरातून बाहेर येत नाहीत. दार उघडंच आहे. आत दोघं बोलल्यासारखं ऐकू येतं, पण काकांचा आवाज मोठा आणि दुसरा— दुसरा पाण्यातून.

३१ मे

एक तुकडा आला. तरुण मुलाचा आवाज. मावशीसारखाच स्वर, शब्दाच्या शेवटी वर जाणारा.

आई, निरोप पोचला. दारापर्यंत आलो. माझ्या जागी कोण निजलंय?

मावशीला ऐकवू? ऐकवलं तर ती काय म्हणेल— जागा कर म्हणेल. मुलगा आहे तो तिचा. मी कोण? उत्तरेकडचा. पाहुणा. खिशात दगड ठेव म्हणाली होती—

रोजचे निरोप पुसतोय. जागा नाही होत.

१ जून

ऐकवलं. मावशी म्हणाली, पुन्हा लाव. पुन्हा. मग तिनेच विचारलं, तू जागा सोडलीस तर कुठे जाशील? म्हटलं, बंदर बंद आहे, मावशी. मला माहीत नाही तुझा मुलगा मला कुठे पाठवेल. ती माझ्या हाडांकडे बघत राहिली.

नंतर नवा तुकडा आला, आम्ही दोघं असतानाच. तोच स्वर. आई, याला मी घेऊन जातो. मला याची जागा दे.

मावशी म्हणाली, माझ्या एलिसेओने कुणाची जागा कधी मागितली नाही. होडीत शेवटी बसायचा तो.

तिचे हात थांबले. विणकाम खाली ठेवलं.

२ जून

मावशी रेडिओच्या खोलीत आली. माईक कपाटातून बाहेर काढलाय. आता बोलते म्हणाली. रागाने नाही जमणार, म्हणाली, तशीच बोलते. सगळं पुसलं— निरोप, गाणी— एवढीशी जागा झाली. तिच्यासाठी. ही ओळही लिहायला नको. पण हात थांबत नाही—

खोलीत पाणी. घोट्यापर्यंत. थंड. दाराशी कुणीतरी— तिच्याकडे पाठ— नाही, माझ्याकडे तोंड

लाल बटण. ती बोलतेय. एलिसेओ बाळा, मेंढ्या छान आहेत. पलंग झाडलाय. रस्सा गरम आहे. दाराला कडी नाही. तुझी आठवण आहे, पण आता तू ति